‘कार्ड एरर’च्या मागे काय असतं

ट्रॅप कॅमेऱ्याच्या छोट्याशा पडद्यावर ‘कार्ड एरर’ ही अक्षरं उमटली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सहसा दोहोंपैकी एक गोष्ट होते. कार्ड खराब म्हणून बाजूला पडतं, नाहीतर कॅमेरा खराब म्हणून पेटीत जातो. वनरक्षक येऊन सांगतो, “कॅमेरा कार्ड घेऊनच नाही राहिला.” त्याला दुसरं कार्ड काढून दिलं जातं. ते चाललं तर उत्तम, नाही चाललं तर कॅमेरा बाद. अशा बाद ठरवलेल्या जोड्या मी बऱ्याच हाताळल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ जोड्यांत कार्डही धड असतं आणि कॅमेराही धड असतो. दोघांचं एकमेकांशी जमत नसतं, एवढाच दोष. हे न जमणं कुठून येतं, कुठल्या वेळी ते दुरुस्त होतं आणि कुठल्या वेळी कितीही खटपट केली तरी होत नाही, हे बीटवरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावं म्हणून ही पुस्तिका लिहिली गेली. तिची प्रस्तावना लिहिताना मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे : फेकण्याआधी कारण शोधा. कारण जवळजवळ नेहमीच सापडतं, आणि ते शोधायला इंजिनिअर लागत नाही.

नखाएवढ्या कार्डासाठी एवढा खटाटोप कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी त्या कार्डावर काय असतं ते पाहावं. वाघ ओळखला जातो त्याच्या पट्ट्यांवरून, आणि वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे नसतात. म्हणून व्याघ्रगणनेत कॅमेरे जोडीने लागतात : पायवाटेच्या किंवा गाडीरस्त्याच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, एकमेकांकडे तोंड करून. वाघ मधून गेला की दोन्ही बाजू एकाच वेळी टिपल्या जातात. जोडीतल्या एका कॅमेऱ्याचं कार्ड अडलं, तर हातात उरते फक्त उजवी बाजू. पुढच्या ठिकाणी नेमकी डावी बाजू मिळाली, तर हा तोच वाघ की दुसरा, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणजे एक कार्ड गेल्याने नुसती निम्मी माहिती जाते असं नाही. उरलेली निम्मीही पांगळी होते.

आकडा केवढा असतो तेही बघा. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रं टिपली. त्यांतली वाघांची छायाचित्रं ७६,६५१. म्हणजे सरासरी साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक. बाकीचे चितळांचे, रानडुकरांचे, गुरांचे, सरपण आणणाऱ्या बायांचे, आणि वाऱ्याने हललेल्या गवताचे तर असंख्य. कार्ड भरभर भरतं ते या गवतामुळे. आणि भरतं म्हणून माणूस मोठं कार्ड घालायला जातो. दुकानात बत्तीस जीबी मागितलं तर चौसष्ट किंवा एकशे अठ्ठावीस पुढे केलं जातं, किमतीतही फारसा फरक नसतो. मोठं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात बसतं, खटका लागतो, झाकण बंद होतं. आणि ‘कार्ड एरर’ची सुरुवात बहुधा इथूनच होते.

गणना चार वर्षांनी येते. आपल्या जिल्ह्यांत मात्र वाघाची ओळख पटवण्याचं काम रोजचं आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून झालेला व्याघ्रप्रकल्प. पण ब्रह्मपुरी, वडसा, राजुरा, चिचपल्ली या भागांत वाघ प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधाला आणि गावाच्या शिवाराला लागून राहतो. माणूस मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, गुरं चारायला त्याच जंगलात जातो. ‘सीटी-१’ नावाने ओळखला गेलेला वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करून पकडण्यात आला, तोवर गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून १३ माणसं दगावल्याची नोंद त्याच्या नावावर होती. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, राजुऱ्याचा ‘आरटी-१’ पकडला गेला. अशा वेळी बंदूक घेऊन निघण्याआधी हाच तो वाघ हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध होतं पट्ट्यांच्या फोटोवरून. चुकीचा वाघ पकडला, तर खरा मोकळा राहतो आणि निरपराध जनावर पिंजऱ्यात जातं. ज्या रात्री तो वाघ नाल्याजवळून गेला, त्या रात्री कॅमेऱ्यातलं कार्ड लिहीत होतं की नव्हतं, ही बाब म्हणूनच मी किरकोळ मानत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे.

एसडी कार्ड हे नाव एकच असलं तरी त्या नावाखाली आपल्या कामात भेटणाऱ्या तीन पिढ्या नांदतात. सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे कार्ड आणलं. पहिल्या पिढीचं साधं एसडी, दोन जीबीपर्यंतचं. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, बत्तीस जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी, दोन टीबीपर्यंत. तिन्हींचा आकार सारखा, पाठीवरच्या सोनेरी पट्ट्या सारख्या, खाचही सारखी. त्यामुळे कुठलंही कार्ड कुठल्याही कॅमेऱ्यात बसतं, आणि बसतं म्हणून चालेल असं वाटतं. कार्डाच्या लेबलवर छापलेलं छोटं बोधचिन्ह तेवढं खरं बोलतं, आणि तेच आपण वाचत नाही.

पहिली आणि दुसरी पिढी यांच्यामधली भिंत पक्की आहे. जुनं यंत्र कार्डावरची जागा बाइटमध्ये मोजतं. पत्ता लिहायला बत्तीस द्विमान अंक मिळतात, त्यात ४,२९,४९,६७,२९६ बाइट मावतात, म्हणजे चार जीबी. त्यापलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. एसडीएचसी कार्डाने ही अडचण सोडवली ती मोजण्याचं एककच बदलून : ते बाइट मोजत नाही, पाचशे बारा बाइटांचा एक ब्लॉक धरतं आणि ब्लॉक मोजतं. आता जुन्या यंत्राने ‘५१२’ असा पत्ता दिला, तर त्याला हवा असतो दुसरा ब्लॉक. नव्या कार्डाच्या हिशेबाने तो पाचशे तेरावा ब्लॉक ठरतो. आपल्याकडे कुणी ‘बारा नंबरला या’ म्हणाला, त्याच्या मनात बारा नंबरचा बीट असला आणि ऐकणारा कक्ष क्रमांक बाराला जाऊन उभा राहिला, तर दोघांचीही चूक नसताना भेट होणार नाही. तसंच हे.

सुदैवाने कार्ड बनवणाऱ्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. यंत्र चालू झालं की कार्डाशी त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. नवं यंत्र विचारतं, तू नव्या नियमांचं कार्ड आहेस का. पुढे तयारीचा हुकूम देताना ते असंही कळवतं, की मला ब्लॉकने मोजता येतं. जुन्या यंत्राला हा प्रश्न माहीतच नाही, ते फक्त तयार हो म्हणतं. अशा वेळी एसडीएचसी कार्डाने काय करायचं, तर ‘मी अजून तयार होतोय’ एवढंच उत्तर देत राहायचं. कधीच तयार व्हायचं नाही. कारण ते तयार झालं आणि यंत्राने आपल्या जुन्या हिशेबाने लिहायला घेतलं, तर भलत्याच जागी लिहिलं जाईल आणि आधीचे फोटो पुसले जातील. यंत्र थोडा वेळ वाट पाहतं, मग कंटाळून ‘कार्ड एरर’ दाखवतं. म्हणजे जी सूचना आपण बिघाड समजतो, ती त्या वेळी माहितीचं रक्षण करत असते.

यातून एक कामाची गोष्ट निघते. दोन जीबीचीच कार्डं ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात आठ जीबीचं एसडीएचसी कार्ड घातलं, आणि मग ते कितीही वेळा फॉरमॅट केलं, त्याचे तुकडे पाडून पहिला तुकडा दोन जीबीचा केला, तरी उपयोग नाही. फॉरमॅट ही कार्डावर लिहिलेली गोष्ट आहे. अडचण लिहिण्याच्या आधीच्या बोलण्यात आहे. अशा कॅमेऱ्याला खरंखुरं दोन जीबीचं किंवा त्याहून लहान साधं एसडी कार्डच लागतं. अशी कार्डं आता शोधावी लागतात, पण मिळतात. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती मोबाइलसोबत फुकट आलेली म्हणून मुलांना खेळायला देऊ नयेत. ती जपून ठेवण्याची वस्तू आहे.

दुसरी आणि तिसरी पिढी यांच्यामधली भिंत तशी नाही, आणि इथेच सगळ्यांत जास्त कॅमेरे विनाकारण बाद होतात. एसडीएचसी आणि एसडीएक्ससी, दोन्ही ब्लॉकनेच मोजतात. जुन्या कॅमेऱ्याचं कार्डाशी बोलणं नीट होतं, कार्ड तयारही होतं. अडतं ते पुढे. दुकानातून आलेलं चौसष्ट जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, आणि जुन्या कॅमेऱ्याला फक्त फॅट-३२ वाचता येतं. पाटी कोरी आहे की भरलेली, हेच त्याला कळत नाही. ते कार्ड संगणकावर फॅट-३२ ने फॉरमॅट करून दिलं, तर बहुतेक कॅमेरे ते मुकाट घेतात. मात्र विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत बत्तीस जीबीपेक्षा मोठ्या कार्डाला फॅट-३२ हा पर्यायच वर्षानुवर्षं दिसत नव्हता. त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं. पर्याय दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं समजून किती कार्डं माघारी गेली असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. काही कॅमेरे मात्र क्षमतेचा आकडा बघूनच नकार देतात. त्यांच्यापुढे इलाज नाही, त्यांना बत्तीसचंच द्यावं.

तेव्हा ‘कार्ड एरर’ समोर आलं की कार्डाबद्दलचा पहिला प्रश्न हाच : हा नकार फॉरमॅटने सुटणारा आहे की न सुटणारा? कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमाल क्षमता दोन जीबी लिहिली असेल आणि कार्डावर एचसी छापलं असेल, तर न सुटणारा. कमाल बत्तीस लिहिली असेल आणि कार्डावर एक्ससी छापलं असेल, तर बहुधा सुटणारा. माहितीपत्रक हरवलेलं असतं हे मला माहीत आहे. म्हणून पुस्तिकेत त्यावरचा उपाय दिला आहे : प्रत्येक पिढीचं एकेक खात्रीचं कार्ड परिक्षेत्रात वेगळं ठेवायचं, त्यांवर फोटो कधी घ्यायचे नाहीत, ती फक्त तपासणीसाठी. तीन कार्डं, पाच मिनिटं, आणि कॅमेरा कुठल्या पिढीचा ते कळतं.

हे ज्ञान आलं कुठून, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ट्रॅप कॅमेरा विकणाऱ्या कंपन्या माहितीपत्रकात ‘अमुक क्षमतेपर्यंतचं कार्ड वापरा’ एवढंच लिहितात. ते का, कार्ड आणि यंत्र यांच्यात नेमकं कुठे बिनसतं, हे बारकाईने तपासून लिहून ठेवलं ते जगभरच्या हौशी मंडळींनी. आणि तेही कॅमेऱ्यासाठी नाही. १९८२ मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक आणला. घरच्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा, आतली स्मृती अठ्ठेचाळीस केबी. तो आपल्याकडेही होता : ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने भारतात विकली. त्याच दशकात, १९८४ पासून, ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता उपक्रमात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक मराठी माणसांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम यांपैकी एकावर लिहिला.

कॅसेटी जीर्ण झाल्या, फ्लॉपी वाचेनाशा झाल्या, तेव्हा या संगणकांवर जीव असलेल्यांनी त्यांना मेमरी कार्ड जोडायचं ठरवलं. दोन जीबीच्या एका कार्डात स्पेक्ट्रमची सगळी स्मृती त्रेचाळीस हजारांहून अधिक वेळा मावते, यावरून त्या दोघांमधलं अंतर कळेल. तरीही ते जमलं, कारण एसडी कार्डात एक साधी बोली पहिल्यापासून ठेवलेली आहे : चार तारांची. एक ठोक्याची, एक जाणाऱ्या माहितीची, एक येणाऱ्या माहितीची, आणि एक ‘तुझ्याशी बोलतोय’ एवढं सांगणारी. साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या स्पेक्ट्रमलाही ही बोली झेपते. पण जमवताना त्यांना दिसलं की एका कंपनीचं कार्ड चालतं, दुसरीचं नाही. काल चाललेलं आज चालत नाही. सकाळी यंत्र थंड असताना चालतं, तापल्यावर अडतं. दुसरं कार्ड आणून मोकळं होण्याऐवजी त्यांनी एकेक कारण वेगळं काढलं. कार्डाला वीज मिळाल्यावर पहिला हुकूम देण्याआधी किमान चौऱ्याहत्तर ठोके द्यावे लागतात आणि काही प्रोग्राम ते देत नाहीत. कार्डाला तयार व्हायला एक सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो आणि काही यंत्रं तेवढी थांबत नाहीत. कार्ड साधारण ३.३ व्होल्टवर चालतं आणि जुना संगणक ५ व्होल्टवर. त्या खटपटीतून नकारांची जी वर्गवारी तयार झाली, तीच आज ताडोबातल्या मोहर्लीच्या जंगलातल्या कॅमेऱ्याला लागू पडते. जुन्या यंत्रांवर माया करणाऱ्यांना लोक रिकामटेकडे म्हणतात. मी त्यांचा ऋणी आहे.

आता कार्ड तयार होण्याच्या वेळेचंच घ्या. ट्रॅप कॅमेरा सेल वाचवण्यासाठी झोपलेला असतो. समोर उष्ण देह हलला की त्याचा संवेदक जागा होतो, तो बाकीच्या कॅमेऱ्याला उठवतो, कॅमेरा कार्डाला वीज देतो, कार्ड तयार होतं, मग फोटो लिहिला जातो. यात कार्डाने वेळ खाल्ला, तर फोटोत वाघाची शेपटी येते किंवा नुसती रिकामी वाट. अशा रिकाम्या फोटोंचा दोष नेहमी गवताला दिला जातो. एखाद्या कॅमेऱ्यात दिवसरात्र रिकामे फोटो येत असतील आणि समोर गवत कापलेलं असेल, तर कार्ड बदलून पाहावं. लेबलवर छापलेला मोठा वेग इथे कामाचा नाही. तो वेग लांबलचक सलग लेखनाचा असतो, झोपेतून उठण्याचा नव्हे.

सेलचं दुखणं कार्डाच्या नावावर सर्वांत जास्त खपतं. कार्ड वाचताना थोडी वीज घेतं, लिहिताना एकदम जास्त ओढतं. सेल अर्धे उतरलेले असले की कॅमेरा सुरू होतो, पडदा उजळतो, सगळं ठीक दिसतं. आणि रात्री फोटो लिहायच्या, त्यातही अंधारातला इन्फ्रारेड दिवा पेटायच्या क्षणी दाब कोसळतो. फोटो अर्धा लिहिला जातो, कुठल्या फोटोची जागा कुठे ही नोंद पुरी होत नाही, आणि पुढच्या वेळी कॅमेरा ते कार्डच ओळखत नाही. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल मुळात १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे, चार सेलांच्या कॅमेऱ्यात हा फरक सव्वा व्होल्टच्या घरात जातो. काही जुने कॅमेरे तो सहन करत नाहीत. म्हणून माझं सांगणं असं, की कार्डाला हात लावण्याआधी सेल नवे घाला, आणि सगळे एकाच वेळी बदला. दोन जुने दोन नवे हा हिशेब जंगलात महागात पडतो.

चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. पारा सत्तेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कार्ड वितळत तर नसेल? नाही. चांगली एसडी कार्डं पंच्याऐंशी अंशांपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात. उन्हाने आधी थकतात ते सेल, आणि झाकणाभोवतीचं रबर वाळून चिरतं. ते चिरलेलं रबर पावसाळ्यात आपला गुण दाखवतं. दमट हवा आत शिरते, सोनेरी पट्ट्यांवर पुट चढतं, मुंग्या घर करतात. मग कार्ड कधी चालतं, कधी नाही. खोडरबराने पट्ट्या घासण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोडून द्यावी, कारण पट्ट्यांवरच्या मुलाम्याची जाडी नगण्य असते. कोरड्या सुती कापडाने पुसावं, कॅमेऱ्याच्या खाचेत कार्ड हलकेच काही वेळा आतबाहेर करावं, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. मायक्रो कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथे सांध्यांची संख्या दुप्पट होते. पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर घ्यावा. अ‍ॅडॉप्टरच्या कडेची लॉकची खिट्टी सैल झाली, तर आत सरकवताना ती आपोआप खाली घसरते आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणतो. चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ती वरच्या जागी पक्की केली, की काम झालं.

एका सवयीबद्दल मात्र मी कळकळीने सांगणार आहे. कॅमेऱ्यातलं कार्ड तिथल्या तिथे मोबाइलमध्ये घालून पाहू नका. उत्सुकता मी समजू शकतो. महिनाभर उन्हात चालून लावलेल्या कॅमेऱ्यात काय आलं, हे पाहायला कुणाचा जीव तळमळणार नाही? पण मोबाइल कार्डावर आपले फोल्डर तयार करतो, छोट्या छायाचित्रांची नोंद ठेवतो, आणि अनोळखी कार्ड दिसलं की ‘फॉरमॅट करू का’ असंही विचारतो. उन्हात पडदा नीट दिसत नसतो, अंगठा चुकीच्या जागी पडतो. काही मोबाइल तर कार्डाला कायमचं आपलं करून घेतात, मग ते दुसरीकडे कुठेही उघडत नाही. पाहायचंच असेल, तर खिट्टी लॉकवर सरकवून कार्ड रीडरमधून पाहावं. आणि कॅमेरा चालू असताना कार्ड उपटू नये. आधी कॅमेरा बंद, मग कार्ड.

चुकून फॉरमॅट झालंच, तर हातपाय गाळू नयेत. साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागच्या जागी असतात. त्या कार्डावर त्यानंतर एकही नवा फोटो घेऊ नये, ते पाकिटात घालून वर तारीख लिहावी आणि संगणकाशी बसणाऱ्याच्या हाती द्यावं. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते यादीकडे न पाहता कार्डाचा कोपरान्‌कोपरा चाळून फोटोची सुरुवात शोधतं. त्याने परत मिळालेल्या फोटोंची मूळ नावं जातात, पण छायाचित्राच्या आत नोंदलेली तारीख आणि वेळ शाबूत असते. ओळख पटवायला तेवढं पुरतं.

राहिली नकली कार्डं. यांच्याबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे मी थोडक्यात आटोपतो. वर चौसष्ट छापलेलं, संगणकाला चौसष्ट सांगणारं, आणि आत प्रत्यक्षात आठच जीबी असलेलं कार्ड बाजारात असतं. ते पहिले आठ जीबी चोख चालतं. त्यानंतरचे फोटो कुठेच जात नाहीत, किंवा आधीच्या फोटोंवर चढतात. कॅमेरा एकदाही तक्रार करत नाही, म्हणून हे ‘कार्ड एरर’पेक्षा वाईट. नवं कार्ड आणलं की जंगलात नेण्याआधी ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहावं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि एफ-थ्री ही दोन सॉफ्टवेअर हेच काम करतात. त्यात काही तास जातात, पण ते संगणकाचे तास आहेत, आपले नाहीत.

ही पुस्तिका ताडोबाच्या वाघापुरती नाही, हे आवर्जून सांगतो. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्ती आले आणि त्यांच्या वाटा समजून घेण्याची गरज निर्माण झाली. कोलामार्काच्या रानम्हशी कॅमेऱ्याशिवाय क्वचितच नजरेस पडतात. चपराळा, भामरागड इथलं जंगल ताडोबासारखं गाड्यांनी पिंजून काढलेलं नाही. तिथे कॅमेऱ्यापर्यंत जायलाच एखादा दिवस लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ताडोबात कार्ड अडलं तर मोटरसायकलवरून तासाभरात दुसरं आणता येतं. भामरागडकडे अडलेलं कार्ड म्हणजे त्या ठिकाणची पुढच्या फेरीपर्यंतची सगळी नोंद गेली. म्हणून जुन्या कॅमेऱ्याची पारख तिकडे जास्त लागते, आणि नवे कॅमेरे मात्र तिकडे सर्वांत शेवटी पोचतात.

पुस्तिका लिहिणाऱ्यांनी एक चांगली गोष्ट केली आहे : प्रत्येक उपाय कुठल्या क्रमाने करायचा ते ठरवून दिलं आहे. आधी सेल, मग खिट्टी आणि पट्ट्या, मग कार्डाची पिढी, मग फॉरमॅट, आणि कार्डाचा अस्सलपणा सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये. फॉरमॅट सर्वांत सोपं म्हणून आपण ते पहिल्यांदा करतो, आणि कार्डावर आधीचे फोटो असले तर ते तिथेच जातात. सेल बदलून जे सुटलं असतं, त्यासाठी महिनाभराचे फोटो गमवायचं कारण नाही. फॉरमॅट करायचंच ठरलं, तर कार्डावरचं सगळं आधी संगणकावर उतरवून घ्यावं आणि शेवटचं फॉरमॅट ज्या कॅमेऱ्यात कार्ड जाणार त्याच कॅमेऱ्यात करावं.

मागची काही पानं कोरी, रकाने आखून सोडली आहेत. कॅमेऱ्याचा क्रमांक, तो कुठल्या पिढीचं कार्ड घेतो, कोणत्या कंपनीचं कार्ड त्याला चाललं, कोणतं चाललं नाही आणि नकार कसा दिसला, सेल कोणते होते, तारीख. ही पानं भरावीत अशी माझी विनंती आहे, आणि बदली झाली की पुस्तिका पुढच्या माणसाच्या हातात द्यावी. एका परिक्षेत्रातला एक कॅमेरा अमुक कार्ड घेत नाही ही नोंद शेजारच्या परिक्षेत्रात पोचली, तर तिथला वनरक्षक तेच कार्ड घेऊन बारा किलोमीटर चालत जाणार नाही. कुणाला इथे लिहिलेल्यापेक्षा वेगळा अनुभव आला, तर तोही त्याच पानांवर लिहावा. पुढची आवृत्ती त्या नोंदींवरूनच सुधारायची आहे.